हरिकेनच्या कॉकपिटमधे १९४० साली नेमका कुठला रेडिओ होता, हे शोधायचं कसं?

हरिकेनवेडा:
नमस्कार मंडळी, गेलं वर्षभर १:२४ स्केलमधे हॉकर हरिकेन मार्क १ या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं मॉडेल करतोय. विमान आर४११८, तेच जे १९४० मधे आरएएफच्या (ब्रिटिश हवाई दलाच्या) ६०५ स्क्वाड्रनकडे, म्हणजे तुकडीकडे होतं, नंतर भारतात आलं, कित्येक वर्षं बनारस हिंदू विद्यापीठाच्या आवारात पडून होतं आणि मग इंग्लंडला नेऊन पूर्ण दुरुस्त करून २००४ ला परत उडालं. ही गोष्ट वाचल्यापासून डोक्यातून जातच नाहीये, म्हणून करायचं तर हेच आणि जसं होतं तसंच, असं ठरवलंय. बाहेरचं सगळं झालं पण कॉकपिटपाशी अडकलोय. रेडिओचा कंट्रोलर काही फोटोत लीव्हरवाला दिसतो आणि काही फोटोत बटणांची ओळ असलेला. किटच्या कागदात एक, दुरुस्त केलेल्या विमानांच्या फोटोत भलतंच. सप्टेंबर १९४० ला काय असेल हे ठरवायचं कशावरून?

अजून एक, ऑनलाइन एक जुना अल्टिमीटर (उंची दाखवणारं डायल) घेतलाय, मागे मुकुट, खाली ए.एम. (एअर मिनिस्ट्री) आणि ६ए ने सुरू होणारा नंबर आहे. विकणारा म्हणतो हरिकेनमधूनच काढलाय. हे कसं पडताळायचं?

जुना_निगेटिव्ह:
रेडिओचं उत्तर कॉकपिटच्या आत शोधू नका, बाहेर शोधा. १९४० च्या उन्हाळ्यात फायटर्समधे दोन सेट होते, जुना एचएफवाला (कमी फ्रीक्वेन्सीचा) टीआर ९डी आणि नवा व्हीएचएफवाला (जास्त फ्रीक्वेन्सीचा) टीआर ११३३, आणि हा बदल एका दिवसात झाला नाही, एकेक स्क्वाड्रन करत झाला. टीआर ९डी असेल तर कॉकपिटच्या मागच्या मास्टपासून (अँटेनाच्या खांबापासून) रडरच्या, म्हणजे शेपटीवरच्या उभ्या हलत्या पात्याच्या, वरच्या टोकापर्यंत तार जाते. व्हीएचएफला ती तार लागत नाही, नुसता मास्ट पुरतो. म्हणजे तार दिसली की आत लीव्हरवाला कंट्रोलर, आणि तार खरंच काढलेली असेल तर ए बी सी डी आणि ऑफ अशी पाच बटणं असलेला डबा.

पण घाई करू नका. रडरवरची ती छोटी खुंटी तार काढल्यावरही बरेचदा तशीच राहायची, त्यामुळे खुंटीवरून काही सिद्ध होत नाही. आणि छापील पुस्तकातल्या फोटोत तार दिसली नाही म्हणजे ती नव्हतीच असंही नाही, छपाईच्या ठिपक्यांमधे ती हमखास हरवते. मूळ प्रिंटचा मोठा स्कॅन मिळवा, मागे मोकळं आकाश असलेला.

टीआर ९डी निघाला तर एक वस्तू नक्की करा, कॉन्टॅक्टर. घड्याळासारखी दिसणारी छोटी डबी, काटा मिनिटात एक फेरा मारायचा आणि त्यातले १४ सेकंद सेट आपोआप सिग्नल पाठवायचा, त्यावरून जमिनीवरची स्टेशनं विमानाची दिशा काढायची. याला पिपस्क्वीक म्हणायचे. तेवढे १४ सेकंद त्या पायलटला बोलता यायचं नाही, ऐन लढाईत ते किती अवघड होत असेल विचार करा. डायलवर तो भाग वेगळा दाखवलेला असायचा. मॉडेलमधे तांदळाच्या दाण्याएवढा होईल पण तो असला की कॉकपिट १९४० चं वाटतं, हे मनापासून सांगतो.

रेवा_क:
अल्टिमीटरबद्दल. आरएएफच्या स्टोअर्समधे प्रत्येक वस्तूला सेक्शन आणि नंबर असायचा, ६ए म्हणजे विमानातली इन्स्ट्रुमेंट्स, ५सी म्हणजे इलेक्ट्रिकल, १०डी म्हणजे रेडिओ सेट वगैरे. त्यामुळे तुमचा नंबर फक्त एवढंच सांगतो की हा अमुक प्रकारचा अल्टिमीटर आहे. तो कुठल्या विमानात बसला होता हे त्यात कुठेच नसतं. त्या काळात ब्लाइंड फ्लाइंग पॅनेल (बाहेर काही दिसत नसताना उडण्यासाठीच्या डायल्सची पाटी) स्टँडर्ड झालं होतं, वर एअरस्पीड, आर्टिफिशियल होरायझन आणि रेट ऑफ क्लाइंब, खाली अल्टिमीटर, डायरेक्शन इंडिकेटर आणि टर्न इंडिकेटर. हेच सहा डायल हरिकेनमधे, स्पिटफायरमधे आणि मोठ्या बॉम्बर्समधे पण. म्हणून "हरिकेनचाच" हे कागदपत्रांशिवाय कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. डायलवर किंवा केसवर साल असेल तर ते बघा, १९४० नंतरचं निघालं तर तुमच्या १९४० च्या कॉकपिटपुरता प्रश्नच मिटला.

आणि कृपा करून काच उघडू नका!! आकड्यांवरचा तो पिवळट तपकिरी रंग रेडियमचा असू शकतो. अंधारात चमकत नाही म्हणून निर्धोक असं बिलकुल नाही, चमक जाते कारण त्यातलं झिंक सल्फाइड खराब होतं, रेडियमचं अर्धं आयुष्य मात्र १६०० वर्षांचं आहे. रंगाचा भुगा श्वासातून आत जाणं हा खरा धोका. गायगर काउंटर कुणाकडे असेल तर तपासून घ्या, तोवर पिशवीत सीलबंद ठेवा आणि झोपायच्या खोलीत नको.

कागदपत्री:
वरचे दोघं बरोबर बोललेत, मी कागदांचं सांगतो. लंडनमधे क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्हजमधे एआयआर २७ या मालिकेत स्क्वाड्रन्सची ऑपरेशन्स रेकॉर्ड बुकं आहेत, कोण कुठल्या विमानातून किती वाजता उडालं ते त्यात मिळतं. उपकरणांचे तपशील तिथे क्वचितच, पण "आज विमानांना व्हीएचएफ बसवले" अशा अर्थाची एखादी ओळ मधेच सापडली तर तुमचं कामच झालं. ६०५ ७ सप्टेंबरला क्रॉयडनला आलं, त्याच्या आधीपासूनची पानं वाचा. फॉर्म ७८ वर, म्हणजे प्रत्येक विमानाच्या नोंदीच्या कार्डावर, विमान कुठून कुठे गेलं ते मिळेल. पायलट्स नोट्स (पायलटसाठीची छापील माहिती पुस्तिका) वापराल तर दुरुस्तीच्या चिठ्ठ्या किती तारखेपर्यंत चिकटवल्यात ते आधी बघा, १९४० ची समजून लोक नंतरची माहिती वापरतात. शिवाय नोट्समधे काय असायला हवं ते असतं, त्या दिवशी त्या विमानात काय होतं ते नाही. आणि आज उडणाऱ्या विमानाच्या कॉकपिटचे फोटो रेडिओसाठी बाजूलाच ठेवा, त्यात आजचा सेट बसवावाच लागतो.

हरिकेनवेडा:
सगळ्यांचे खूप आभार. अल्टिमीटर सीलबंद करून कपाटात गेला, साल १९४३ निघालं. जुलै १९४० च्या एका दुसऱ्या स्क्वाड्रनच्या हरिकेनचा मोठा स्कॅन मिळाला, आणि खरंच हो, पुस्तकातल्या त्याच फोटोत काही दिसत नव्हतं, इथे आकाशात केसासारखी बारीक रेघ थेट रडरपर्यंत गेलीये. पण टेलप्लेनच्या (शेपटीच्या आडव्या पंखाच्या) टोकापासून फ्यूजलाजकडे (विमानाच्या धडाकडे) जाणारी अजून एक तार काही फोटोत दिसते, ती पण टीआर ९ ची का?

जुना_निगेटिव्ह:
नाही, ती आयएफएफची, आपल्या रडारला आपलं विमान ओळखू यावं म्हणून. दोन्ही बाजूंना एकेक असते. रेडिओ ठरवताना ती मोजू नका, फक्त मास्ट ते रडर बघा. आता ६०५ चा सप्टेंबरचा फोटो शोधा, मिळाला तर इथे टाका, सगळे मिळून बघू.