मिग-२१ ची कॅनोपी आतून पांढरी झाली, वाचवता येते का? (१/७२)

टिनाची_शेड:
नमस्कार मंडळी. देवळी तालुक्यातला आहो, पुलगाव बाजूलेच. प्लास्टिक मॉडेलचा नाद दोन वर्षांपासून लागला, आधी एक जीप अन् एक टँक केला, आता पहिल्यांदा विमान करून रायलो, मिग-२१ चा बिस प्रकार, १/७२, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाएवढं. तीन भानगडी झाल्या एकदम.

एक, कॅनोपी, म्हणजे पायलटच्या डोक्यावरची काच, फेविक्विकनं चिटकवली. दुसऱ्या दिवशी पाह्यलं तर आतून पांढरं धुकं, अन् त्याच्यात माह्या अंगठ्याचा ठसा असा स्वच्छ उमटला का आधार कार्डले चालन. बोट तर कवाच लागलं होतं, तवा काहीच दिसत नव्हतं. दोन, उजवा पंख वाकडा झाला, डबा माळ्यावर होता अन् वरून टिन, मे महिन्यात आमच्या इकडं काय हाल रायते ते सांगायची गरज नाही. तीन, सिल्व्हर मारला त्याच्यावर पांढुरकी साय आली अन् वरून कापसाचे तंतू चिटकले. भाव नाही म्हणून घरात कापूस तसाच भरून हाये, मी त्याच्याच बाजूच्या खोलीत कूलर लावून फवारतो.

अन् चौथी भानगड म्हणजे मोठेबाबा. ते एअरफोर्समधी आर्मामेंटले, म्हणजे विमानाच्या शस्त्रांच्या कामाले होते, ७१ ची लढाई पाह्यलेले. मी त्याहीले मोठ्या हौसेनं सांगतलं का हे ढाक्याच्या गव्हर्नर हाऊसवर गेलेलं विमान बनवून रायलो. त्याहीनं हातात घेतलं, उलटं केलं, म्हणे "हे नोहे ते". अन् चहा प्याले निघून गेले. काहून नोहे ते सांगतलंच नाही. सांगा बरं कोणी.

यवतमाळचा_रंगारी:
भाऊ तुझ्या तिन्ही प्रश्नांमागं फेविक्विक, टिन अन् कूलर आहे, विमानाचा काही दोष नाही 😄

फेविक्विक सुकताना त्याची वाफ निघते, ती जिथं ओल अन् बोटाचं तेल असेल तिथं पांढरी होऊन बसते. पोलीसवाले ठसे शोधायला हीच आयडिया वापरतात, बंद पेटीत सुपरग्लू गरम करतात. तू कूलरसमोर बसून चिटकवलं म्हणजे ओल आयतीच दिली. काचेच्या पार्टला कधीच फेविक्विक लावायचं नाही, साधा फेविकॉल काडीच्या टोकावर घेऊन लावायचा, सुकला की पारदर्शक होतो अन् सांडला तर ओल्या कापडानं पुसता येतो.

आता काढायची कशी, तर पूर्ण विमान पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेव दोनतीन तास. फेविक्विक थंडीत ठिसूळ होतं, मग सांध्यात नख घालून हळू उचकव, टक करून निघते. ब्लेड लावू नको. आतून २००० चा वॉटरपेपर पाणी लावून, मग पांढरी टूथपेस्ट इअरबडवर घेऊन घास, जेल वाली नाही. वेळ लागतो, अर्धा तास धर. अन् एसीटोन, नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नाही!! मी एकदा लावला होता, कॅनोपीचं खोबरं झालं.

पंखाचं सोपं आहे. आंघोळीच्या पाण्यापेक्षा जास्त गरम पण उकळतं नाही असं पाणी घे, अर्धा मिनिट पंख बुडव, सपाट फरशीवर दाबून सरळ कर अन् लगेच माठातल्या पाण्यात टाक. पॉलिस्टायरीन तसं शंभर डिग्रीच्या आसपास मऊ होते पण वजनाखाली महिनाभर टिनाच्या गरमीत राहिलं तर त्याआधीच वाकते. डब्यात वर काही ठेवलं होतं का?

टिनाची_शेड:
हो ना, वरून जुन्या पेपरची रद्दी होती. अक्कल गेली माही.

नागपूर_७२:
रंगाबद्दल. ती साय म्हणजे ओलच आहे. एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगाचा) थिनर झपाट्यानं उडतो, उडताना प्लास्टिक थंड पडते अन् कूलरची ओल त्याच्यावर बसते, गाडीवाले पेंटर पावसाळ्यात हेच रडतात. पण कूलर बंद करून दुपारी फवारलं तर उलटं होईल, रंग हवेतच सुकून रव्यासारखा खरखरीत पडेल. माझा उपाय असा की उन्हाळ्यात पहाटे पाच ते सात, कूलर बंद, अन् सुकायला वर प्लास्टिकचा मोठा डबा उपडा ठेवायचा. तंतूंचाही बंदोबस्त त्यातच होतो. आता लागलेले तंतू ओढू नको, पूर्ण सुकू दे मग १००० च्या पेपरनं ओलं घास.

आणि रागावू नको पण कापसाच्या बाजूच्या खोलीत थिनर फवारायचा?? मोटर, कूलर, बटणाची ठिणगी, काहीही पुरते. हे काम अंगणात नाहीतर गोठ्यात ने, मॉडेल दुसरं मिळेल, कापूस नाही.

ओझरकर:
नाशिकहून लिहितोय. वडील ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात होते, मिग तिथेच बनायचे, त्यामुळे तुमचे मोठेबाबा का उठून गेले ते मला नीट समजलं 🙂

७१ साली आपल्याकडे मुख्यतः मिग-२१ चं एफएल होतं, त्याला टाईप ७७ म्हणायचे. बिस आलं ते सत्तरच्या दशकाच्या शेवटी. १४ डिसेंबर १९७१ ला गव्हर्नर हाऊसवर ५७ मिमीची रॉकेटं मारली ती ७७ नी. फरक मोजा. ७७ ची पाठ सडपातळ, बिसची पाठ फुगीर कारण त्यात इंधन. ७७ ला पंखाखाली एकेकच पायलॉन (मिसाईल टांगायचा आधार), बिसला दोन दोन. ७७ ची कॅनोपी पुढच्या काचेसकट एकच, पुढे उघडते, बिसची बाजूला. नाकावरची पिटो नळी (वेग मोजायची) ७७ ला मधोमध, बिसला उजवीकडे सरकलेली. सगळ्यात मोठं म्हणजे ७७ च्या आत तोफच नव्हती, पोटाखाली वेगळा गनपॅक लावायचे. १२ डिसेंबरला कच्छच्या आखातावर पाकिस्तानचं स्टारफायटर विमान पाडलं ते त्याच तोफेनं. तुमच्या मोठेबाबांनी विमान उलटं करून पाहिलं ना, आर्मामेंटचा माणूस, आधी पोटच बघणार.

म्हणजे तुमच्या किटमधून ७७ होणार नाही, पाठ घासून घासून भोक पडेल. बिस म्हणूनच करा, कमी नाही ते, बायसन बिसवरच अपग्रेड केलेलं अन् २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला निरोप झाला तो बायसनचा. सिल्व्हर मात्र विसरा, आपली बिस बहुतेक फोटोंत करड्या रंगात दिसतात, स्क्वाड्रन ठरवून फोटो बघा.

यवतमाळचा_रंगारी:
आणि नाकात वजन घातलं का? तीन चाकाचं विमान आहे, नाहीतर शेपटावर बसेल. मासे धरायच्या जाळीच्या शिशाच्या गोळ्या बेस्ट, नाकातल्या कोनात जेवढ्या मावतील तेवढ्या.

टिनाची_शेड:
अपडेट देतो. पंख सरळ झाला. फ्रीजरमधी ठेवली तं आईनं मटारच्या पिशवीखाली दाबून टाकली, एक चाकाचा पाय गेला, कॅनोपी मात्र टक करून निघाली. घासून ऐंशी टक्के साफ झाली, ठसा कोपऱ्यात उलिसा दिसते, तिथं फ्रेमचा रंग येते. वजन नव्हतं घातलं, आता कॉकपिटमागून घुसवतो.

ओझरकर दादा, तुमचं सगळं मोठेबाबाले वाचून दाखवलं. ते ऐकत गेले, मान डोलवत गेले, अन् मंग स्वतःहून बोलले, दोन वर्षात पहिल्यांदा. किटमधलं के-१३ मिसाईल उचललं, आमच्या स्केलले चार सेंटिमीटरही नाही भरत. म्हणे हे मूळ अमेरिकेचं साईडवाइंडर, ५८ साली तैवानकडं एका चिनी मिगात न फुटता रुतलं अन् रशियानं त्याचीच कॉपी मारली. मंग चष्मा वर करून शेपटाकडं पाह्यलं अन् विचारते, "चाकं कुठी हायेत याची?"

तं के-१३ च्या मागच्या पंखांच्या कोपऱ्यात बारकी दातेरी चाकं रायते म्हणे, हवेनं गरगर फिरते अन् मिसाईलले लोळू देत नाही, ते रोज हातानं फिरवून चेक करायचे. किटमधी तिथं नुसता सपाट कोपरा हाये. कोणी १/७२ मधी हे केलं का कशापासून? मी पातळ वायरचे तुकडे कापून पाह्यले, तिसरा तुकडा कूलरच्या हवेनं उडून गेला.