चेहरा चुरचुरतो, पण पुरळ नाही : संवेदनशील त्वचा कशी ओळखावी?

झुळूक :
गेला महिनाभर चेहरा धुतला की गाल चुरचुरतात, त्वचा ओढल्यासारखी होते आणि नाकाच्या कडांना आग होते. आरशात पाहिले तर पुरळ नाही, खपली नाही. गाल तेवढे किंचित लालसर दिसतात. ही संवेदनशील त्वचा की ॲलर्जी, हे कसे ओळखावे आणि फेसवॉश कोणता घ्यावा? सध्या एकच वस्तू घेण्याइतके पैसे हाताशी आहेत.

सांजवेळ :
मी तीन वर्षे क्लेन्झर, सिरम, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन असा पूर्ण संच वापरते आहे आणि माझा चेहरा एकदाही चुरचुरला नाही. एका वस्तूने भागणार नाही, संचच घ्या. मात्र बाटलीवर ‘हायपोॲलर्जेनिक’, म्हणजे ॲलर्जी होण्याची शक्यता कमी, असे लिहिलेले आहे ना, ते पाहून घ्या.

कोरीपाटी :
त्या शब्दावर विसंबू नका. अमेरिकेतही त्याची कायदेशीर व्याख्या नाही. उत्पादक आपल्याला हवा तो अर्थ लावतात. ‘अनसेंटेड’ (बिनवासाचे) हा शब्द तर त्याहून फसवा आहे, कारण मूळ वास झाकण्यासाठी त्यात सुगंधी द्रव्य घातलेले असू शकते. अशाच एका बाटलीमुळे माझ्या मानेवर महिनाभर चट्टे होते.

वाटसरू :
तपासणीच्या फंदात पडू नका. माझ्या हातावर थेंब टाकून सुया टोचल्या, त्यात काहीच निघाले नाही आणि क्रीमची खाज आजही तशीच आहे.

उंबरठा :
वाटसरू, तुमची झाली ती प्रिक टेस्ट. ती लगेच उठणाऱ्या ॲलर्जीसाठी असते. अंगाला लावलेल्या वस्तूची ॲलर्जी बहुधा एकदोन दिवसांनी उमटते आणि तिच्यासाठी पॅच टेस्ट करतात. पाठीवर चिकटवलेल्या पट्ट्या 48 तासांनी काढतात आणि त्यानंतर एकदोन दिवसांनी त्वचा पुन्हा पाहतात. माझ्या पापण्या सुजत होत्या, म्हणून मी सहा महिने क्रीम बदलत राहिले. पॅच टेस्टमध्ये दोष निघाला नेलपॉलिशमधल्या राळेचा. नखांभोवतीची त्वचा ठणठणीत होती, पण बोटे सारखी डोळ्यांना लागत आणि पापणीची त्वचा फार पातळ असते.

झुळूक, ज्याने सामान्यतः त्रास होऊ नये अशा गोष्टीनेही चुरचुर, आग किंवा खाज होणे, याला संवेदनशील त्वचा म्हणतात. लाली असेलच असे नाही. मात्र त्यामागे एक्झिमा (इसब) किंवा रोसेशिया (चेहरा लाल राहण्याचा त्वचाविकार) नाही, हे आधी पाहावे लागते. दोन आठवडे सर्व काही बंद ठेवा. मग अंगावर राहू देण्याची एकेक वस्तू कोपराच्या आतल्या बाजूला, रोज दोनदा, सात ते दहा दिवस लावून पाहा. फेसवॉश मात्र असा लावून ठेवू नका. आणि एक सांगा, चेहऱ्यावर आणखी काही लावत होता का?

झुळूक :
बहिणीकडची गोरेपणाची क्रीम तीन महिने रोज लावली, अजूनही लावते. आता ट्यूब पाहिली, तर तीवर ‘बीटामेथासोन’ असे लिहिले आहे.

कोरीपाटी :
ते स्टेरॉइड आहे! आजच फेकून द्या.

उंबरठा :
ती क्रीम चालू ठेवू नये, हे खरेच. पण स्टेरॉइड थांबवल्यावर काही काळ लाली आणि आग उलट वाढते आणि घाबरून माणूस पुन्हा तीच ट्यूब उघडतो. ती कशी थांबवायची, हे त्वचारोगतज्ज्ञांना विचारूनच ठरवा. माझी हातावरची चाचणीही तूर्त राहू द्या.

सांजवेळ :
म्हणूनच म्हणते, सौम्य संच घ्या.

झुळूक :
सर्वांचे मनापासून आभार. संच घेत नाही आणि फेसवॉशही घेत नाही. त्याचेच पैसे डॉक्टरांच्या फीला लावते. गुरुवारची वेळ मिळाली आहे. ट्यूब फेकणार नाही, सोबत नेणार आहे, म्हणजे नाव सांगताना चूक होणार नाही. उंबरठा, सर्व बंद ठेवण्याचा तुमचा सल्ला मात्र पूर्ण पाळणार नाही, कारण साधे मॉइश्चरायझर लावले तरच ओढ कमी होते. तोवर चेहरा नुसत्या कोमट पाण्याने धुते.