चिलावर्टच्या गोलांनी त्याच्यातला गोलकीपर झाकला का?

मैदानवेडा:
पॅराग्वेच्या होझे लुईस चिलावर्टचं नाव निघालं की गप्पा थेट फ्री किकवर जातात. गोलकीपर असून देशासाठी 8 गोल, 1999 मध्ये अर्जेंटिनाच्या व्हेलेझ सार्सफिल्ड क्लबकडून एकाच सामन्यात तीन पेनल्टी. सगळं खरं. पण या गोलांनीच त्याच्या किपिंगवर अन्याय केला, असं माझं ठाम मत आहे. व्हेलेझची 1994 ची कोपा लिबर्टाडोरेस (दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांची स्पर्धा) फायनल घ्या. समोर लागोपाठ दोनदा जिंकलेला साओ पावलो, तेही त्यांच्याच मोरुम्बी मैदानावर, आणि निकाल पेनल्टी शूटआउटवर. चिलावर्टने पाल्हिन्याची पेनल्टी अडवली, स्वतःचीही मारली. लोकांना आठवते ती मारलेली! 1998 च्या वर्ल्डकपमध्ये बल्गेरिया आणि स्पेन दोघांनाही गोल करता आला नाही. यजमान फ्रान्सला 114 व्या मिनिटाला गोल्डन गोल (जादा वेळेतला, सामना तिथेच संपवणारा) मिळाला, तोवर हा उभा होता.

रेवती_के:
एकटाच उभा होता का? पॅराग्वेच्याच बचावपटू गामाराने त्या अख्ख्या वर्ल्डकपमध्ये एक फाउल केला नाही. सोबत आयाला, आर्से. अशी बचावफळी असेल तर कीपरचं निम्मं काम झालेलं असतं.
आणि कर्णधार म्हणून काय? 2001 मध्ये ब्राझीलविरुद्धच्या सामन्यानंतर तो रॉबर्टो कार्लोसवर थुंकला. बंदी आली, 2002 च्या वर्ल्डकपची पहिली मॅच हुकली. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध 2-0 ची आघाडी गेली, 2-2 झालं. त्याच्या रागाची किंमत संघाने मोजली.

मैदानवेडा:
थुंकण्याचं समर्थन कोणीच करणार नाही, मीही नाही. गामारा महान, तेही मान्य. पण फ्रान्सच्या ब्लांकच्या त्या गोल्डन गोलनंतर मैदानावर कोसळलेल्या एकेका खेळाडूला हात धरून उठवणारा चिलावर्टच होता. ते कर्णधारपण का मोजायचं नाही?

सडाफटिंग:
रेवतीताई, 1999 विसरू नका. कोपा अमेरिका, दक्षिण अमेरिकेतल्या देशांची स्पर्धा, पॅराग्वेतच होती आणि हा खेळला नाही. स्पर्धेवरचा पैसा शिक्षणावर खर्च करा, असं त्याचं म्हणणं होतं. घरच्या प्रेक्षकांसमोर मिरवायची संधी सोडून असं बोलायला छाती लागते. माझ्या लेखी त्याच्या कारकिर्दीतली ही सगळ्यात मोठी गोष्ट, बाकी गोल-बिल नंतर.

रेवती_के:
हेतू चांगलाच होता, त्याबद्दल आदर आहे. पण त्याच्या न खेळण्याने स्पर्धेचा खर्च एका पैशाने कमी झाला नाही. आणि क्वार्टर फायनलमध्ये उरुग्वेविरुद्ध पॅराग्वे हरला तो पेनल्टी शूटआउटवर. पेनल्टी अडवणारा आणि मारणारा देशातला सर्वोत्तम माणूस त्या दिवशी संघात नव्हता. सोबतच्या खेळाडूंना काय वाटलं असेल, याचाही विचार करा.