नावातून भाषा गेली आणि आकडा आला: आयर्लंडच्या टीजी ४ बद्दल तुम्हाला काय वाटतं?

कॉरिबकाठी

पुण्याहून दीर-जाऊबाई आल्या होत्या. त्यांना घेऊन गॉलवेहून कॉनेमाराच्या रस्त्याला लागलो. समुद्र डाव्या हाताला ठेवून अर्ध्या-पाऊण तासावर बाल्या ना हाउन नावाचं गाव लागतं. तिथे टीजी ४ या आयरिश भाषेतल्या दूरचित्रवाणीचं मुख्यालय आहे. दिरांनी पाटी वाचली आणि विचारलं, "चार? मग बाकीच्या तीन कुठे आहेत?"

त्या प्रश्नावरून हा धागा काढते आहे, कारण त्यांना उत्तर देताना मलाच वाईट वाटलं.

थोडी पार्श्वभूमी. आयरिश भाषेला तिच्याच भाषेत गेल्गे म्हणतात. ही वाहिनी ३१ ऑक्टोबर १९९६ ला सुरू झाली तेव्हा तिचं नाव होतं 'तेलिफीश ना गेल्गे', म्हणजे सरळ 'गेल्गेची दूरचित्रवाणी'. मायकल डी. हिगिन्स तेव्हा संस्कृती खात्याचे मंत्री होते (पुढे तेच राष्ट्राध्यक्ष झाले) आणि विरोध अंगावर घेऊन त्यांनी ती उभी केली. त्याआधी लोकांनी किती वर्षं झगडावं? १९८७ मध्ये रॉस मक गावात कार्यकर्त्यांनी विनापरवाना प्रक्षेपण करून दाखवलं होतं, की हे आम्हाला जमतं, आता परवानगी द्या. एवढं करून मिळवलेलं नाव तीन वर्षांत, १९९९ मध्ये, बदललं. टीजी ४. भाषेच्या नावातलं एक अक्षर उरलं आणि पुढे आकडा लागला.

बाकीच्या तीन म्हणजे आरटीई या राष्ट्रीय प्रसारणसंस्थेच्या आरटीई वन आणि आरटीई टू, आणि १९९८ मध्ये आलेली खासगी टीव्ही थ्री. रिमोटवर चौथं बटण आपलं असावं म्हणून हा बदल. हिशेब मला कळतो. पण ज्या भाषेला शतकानुशतकं स्वतःच्या देशात मान खाली घालून वावरावं लागलं, तिचं नाव पडद्यावर रोज पूर्ण दिसणं ही काही छोटी गोष्ट नव्हती.

वेळापत्रकाचं दुखणं याहून मोठं आहे. वेगळी वाहिनी झाली आणि मोठ्या राष्ट्रीय वाहिनीची जबाबदारी हलकी झाली. रॉस ना रून ही मालिका आधी आरटीईवर आली होती, ती नव्या वाहिनीवर गेली. कायद्याने आरटीईवर बंधन आहे की दिवसाला सरासरी एक तासाचे कार्यक्रम टीजी ४ ला द्यायचे. म्हणजे आरटीईचं भाषेचं देणं फिटतं, पण फिटतं दुसऱ्याच्या दारात. आरटीई वनवर गेल्गेतल्या बातम्या, नूअख्त, लागतात संध्याकाळी सहाच्या आधी, लोक बसमध्ये उभे असताना. सहाला एक मिनिट प्रार्थनेची घंटा, मग सहा वाजून एक मिनिटाने इंग्रजी बातम्या. त्या बातमीपत्राचं नावच 'सिक्स वन'. घंटेला तिची वेळ इतकी ठाम मिळते की तिच्यावरून बातम्यांचं नाव पडतं, आणि गेल्गेला मिळतो तो आधीचा उरलेला कोपरा.

माझं मत: छोट्या भाषेला स्वतंत्र घर हवंच. पण वाड्याच्या मुख्य दिवाणखान्यातली तिची जागा सोडून नव्हे.

डब्लिनकर

ताई, पूर्ण असहमत. मी इथे बावीस वर्षं आहे. 'दिवाणखान्यातली जागा' असं तुम्ही म्हणता, ती जागा कशी होती हे जुन्या लोकांना विचारा. बातम्या, एखादा मासिक स्वरूपाचा कार्यक्रम, मुलांसाठी मधूनच काहीतरी. आज आहे, पुढच्या हंगामात नाही. आपला कार्यक्रम कधी लागेल हे माहीत नसलेला प्रेक्षक हळूहळू बघणंच सोडतो.

टीजी ४ ने दिला तो दिनक्रम. शाळा सुटल्यावर मुलांचं. संध्याकाळी सातला नूअख्त. मग मालिका, माहितीपट. रविवारी दुपारी गेलिक फुटबॉल आणि हर्लिंग या इथल्या पारंपरिक खेळांचे क्लबांचे सामने. या सामन्यांकडे मोठ्या वाहिन्यांनी फारसं लक्षच दिलं नव्हतं. महिलांच्या गेलिक फुटबॉलला टीजी ४ ने २००१ पासून पाठबळ दिलं. ज्यांना गेल्गेत दोन वाक्यं बोलता येत नाहीत असे माझे शेजारी रविवारी दोन तास गेल्गेतलं समालोचन ऐकतात. हे आरटीई वनवर अर्धा तास मागून झालं असतं का?

आणि नावाचं म्हणाल, तर १९९९ मध्ये दूरचित्रवाणी संचावर क्रमांक हाच पत्ता होता. इथे बरीच घरं ब्रिटिश वाहिन्याही बघत. चौथ्या जागी तुम्ही स्वतःला बसवलं नाही, तर चॅनल फोर बसणार. आजही सोरव्ह्यू या इथल्या मोफत डिजिटल टीव्ही सेवेवर ती चौथी आहे, सॅटेलाइटच्या यादीत १०४. नाव म्हणजे घराची पाटी, ताई. पाटी सुंदर असून घर सापडत नसेल तर काय उपयोग?

जुनी_अँटेना

डब्लिनकरांच्या बाजूने एक भर. वेल्सची वाहिनी १ नोव्हेंबर १९८२ ला आली, तिचं नाव एसफोरसी: 'सियानेल पेद्वार कमरी', वेल्सचं चॅनल चार. तिच्याही नावात भाषा नाही, आकडाच आहे. आणि त्यासाठी ग्विनफोर एव्हन्स या ज्येष्ठ नेत्याने १९८० मध्ये आमरण उपोषणाची घोषणा केली होती, तेव्हा थॅचर सरकारने माघार घेतली. आकडा असलेल्या वाहिनीसाठी माणूस प्राण द्यायला निघाला होता, त्यामुळे आकड्याने अपमान होतो हे मला पटत नाही.

एसफोरसीचं वेळापत्रक तर शिकण्यासारखं होतं. वेल्श कार्यक्रम संध्याकाळच्या मुख्य वेळेत, आणि ब्रिटनच्या चॅनल फोरचे इंग्रजी कार्यक्रम सरकवून आजूबाजूच्या वेळेत. इंग्रजीने वेल्शसाठी उठून जागा द्यायची. २०१० मध्ये डिजिटल झाल्यावर ते इंग्रजी कार्यक्रम गेले आणि वाहिनी पूर्ण वेल्श झाली.

कॉरिबकाठी

जुनी_अँटेना, तुम्ही माझाच मुद्दा बळकट केलात! इंग्रजीने उठून जागा देणं, हेच मी मागते आहे. टीजी ४ वर वर्षानुवर्षं इंग्रजी चित्रपट आणि आयात मालिका असतातच. त्यावर माझा राग नाही, सगळे तास भरायला पैसा लागतो. पण आरटीई वन कधी गेल्गेसाठी उठली?

डब्लिनकर, खेळांचं मान्य. मनापासून मान्य. पण आकड्याचा पत्ता किती टिकला ते बघा. २०१८ मध्ये टीव्ही थ्रीचं नाव व्हर्जिन मीडिया वन झालं. आता तिसऱ्या बटणावर 'वन' आहे. माझी मुलगी तर रिमोटचं बटण दाबतच नाही, ती अ‍ॅप उघडते. ज्या बटणासाठी भाषेचं नाव दिलं ते बटण नव्या पिढीच्या घरातून चाललं आहे. नाव मात्र गेलं ते गेलंच.

अनुस्वार

मी आयर्लंडला कधी गेले नाही, पण भाषाविज्ञान शिकवते म्हणून एक विचारते. ते 'चार' म्हणतात कसं?

डब्लिनकर

फार चांगला प्रश्न. गेल्गेत 'टीजी क्याहर' म्हणतात. क्याहर म्हणजे चार. इंग्रजीतून बोलतानाही कित्येक जण तसंच म्हणतात. शाळेत गेल्गे नकोशी झालेला माणूससुद्धा दिवसातून एकदा एक गेल्गे शब्द बिनदिक्कत उच्चारतो. 'तेलिफीश ना गेल्गे' हे नाव लोक तसंही 'टीनाजी' असं आखडूनच घेत. ताई म्हणतात नावातून भाषा गेली. मी म्हणतो ती लोकांच्या तोंडात गेली.

अनुस्वार

मग मी तुमच्या बाजूने झुकते आहे. संख्यावाचक शब्द हे भाषेतले फार चिवट शब्द असतात.

रेडिओवेडा

सगळे टीव्हीवरच भांडताय. रेडिओची गोष्ट यापेक्षा जुनी आहे, आणि नावाचा खरा पेच तिथेच आहे.

आयर्लंडचं पहिलं केंद्र १ जानेवारी १९२६ ला डब्लिनमध्ये सुरू झालं, उद्घाटन गेल्गेचे अभ्यासक डग्लस हाइड यांनी केलं. केंद्राचं संकेतनाम टू आर एन. इंग्रजीत भरभर म्हणा: 'टू एरिन', एरिनला, म्हणजे आयर्लंडला. देशाचं नाव परक्या भाषेच्या उच्चारात लपवून. आज त्या संस्थेचं नाव गेल्गेत आहे, रॅडिओ तेलिफीश एरन, पण बोलताना सगळे आरटीई अशी इंग्रजी अक्षरंच म्हणतात. गंमत नाही, वेदना आहे: त्या नावाचं शुद्धलेखन कायद्याने सुधारायला २००९ साल उजाडलं. तोवर राष्ट्रीय प्रसारणसंस्थेच्या अधिकृत नावात 'रॅडिओ' आणि 'तेलिफीश' हे शब्द प्रमाण गेल्गेप्रमाणे लिहिलेले नव्हते.

आता १९७० मध्ये या. कॉनेमारातल्या नागरी हक्क चळवळीच्या तरुणांनी ईस्टरला विनापरवाना केंद्र चालवलं, सोर रॅडिओ कॉनेमारा, म्हणजे 'मुक्त रेडिओ'. दोन वर्षांनी, २ एप्रिल १९७२ ला, सरकारी रॅडिओ ना गेलताख्ता सुरू झाला. मुख्यालय कॉस्ला, आणि केरी व डोनेगलमध्ये स्टुडिओ. (आपलं मुंबई दूरदर्शन त्याच वर्षी २ ऑक्टोबरला सुरू झालं, बरोबर सहा महिन्यांनी.) सुरुवातीला संध्याकाळचे काही तास फक्त. चोवीस तास व्हायला २००१ आलं.

नाव नीट बघा. 'गेल्गेचा रेडिओ' नाही, 'गेलताख्तचा रेडिओ'. गेलताख्त म्हणजे जिथे ही भाषा घराघरात बोलली जाते तो प्रदेश, बहुतेक पश्चिम किनाऱ्याचा. डोनेगलच्या मच्छीमाराला स्वतःची बोली ऐकू येते, गावातल्या निधनवार्ता कळतात. त्याला हे नाव आपलं वाटतं. पण डब्लिनमध्ये गेल्गे शिकून वाढलेल्या तरुणाने काय करायचं? त्याने १९९३ मध्ये स्वतःचं केंद्र काढलं, रॅडिओ ना लिफा. डब्लिनच्या लिफी नदीचं नाव.

२००५ पर्यंत गेलताख्ताच्या रेडिओवर इंग्रजी शब्द असलेलं गाणं लागत नसे. मग रात्रीच्या तासांत मुभा मिळाली. तेव्हाही असाच वाद झाला होता. मी जुन्या नियमाच्या बाजूचा आहे. बाकी सगळी हवा इंग्रजीची असताना एक खिडकी बंद ठेवली तर कुणाचा श्वास कोंडत नाही.

निळी_चिमणी

रेडिओवेडादादा, शेवटच्या वाक्याला विरोध. सोळा वर्षांच्या मुलीला तिच्या भाषेत तिचं गाणं ओळखून देणारा निवेदक मिळाला तर ती भाषा तिची होते. निवेदन गेल्गेत असेल तर गाणं कोणतंही असो. बंदीने भाषा म्हाताऱ्यांची होते.

नद्या-डोंगरांच्या नावाबद्दल मात्र मनापासून सहमत. आपल्या दूरदर्शनच्या मराठी वाहिनीला 'सह्याद्री' नाव मिळालं, त्यात मराठी हा शब्द नाही, तरी विदर्भातल्या माझ्या आजीलाही ते कुणाचं हे सांगावं लागलं नाही. पण वेळापत्रकाचं कॉरिबकाठीताईंचं म्हणणं मला त्याच आजीमुळे पटतं. १९८२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम आले आणि रात्रीची मोक्याची वेळ दिल्लीकडे गेली. मराठीकडे राहिली ती संध्याकाळ. आजी सातच्या बातम्यांवर घड्याळ लावायची. साडेआठनंतर "आता आपलं संपलं" म्हणून उठायची. तेवढं वाक्य मला अजून लागतं.

कॉरिबकाठी

निळी_चिमणी, तुमच्या आजींचं वाक्य वाचून थांबले थोडा वेळ. मला जे म्हणायचं होतं ते हेच.

रेडिओवेडा, गेलताख्त की गेल्गे हा वाद टीव्हीच्या वेळीही झाला. १९८७ च्या कार्यकर्त्यांना आपल्या प्रदेशाची, आपल्या माणसांच्या हातातली वाहिनी हवी होती. सरकारने दिली ती साऱ्या देशाची. त्यासोबत आली पडद्यावर कोरलेली इंग्रजी उपशीर्षकं. माझ्यासारख्या शिकणाऱ्याला ती आधार आहेत. पण ज्यांची मातृभाषा गेल्गे आहे त्यांनी स्वतःच्या घरात, स्वतःच्या भाषेतली मालिका बघताना खाली सतत इंग्रजी का वाचावी? २०२२ च्या जनगणनेत १८ लाख ७३ हजार ९९७ लोकांनी गेल्गे येते म्हणून सांगितलं. शाळेबाहेर रोज बोलणारे ७१,९६८. पहिला आकडा डोळ्यांसमोर ठेवून वाहिनी चालते, दुसऱ्या आकड्यातली माणसं जुळवून घेतात.

डब्लिनकर

आणि पहिल्या आकड्यातली माणसं आली नाहीत तर दुसरा आकडा वाढणार कसा? २०२३ मध्ये कूला ४ ही मुलांची वेगळी वाहिनी झाली. तुमची मुलगी बघत असेलच. उपशीर्षकांसह वाढलेल्या पालकांची मुलं आहेत ती.

कॉरिबकाठी

बघते, आणि माझे उच्चार दुरुस्त करते. कूला ४ बद्दल माझी काहीच तक्रार नाही.

एक नेमकं विचारते. आरटीई वनवर रात्री नऊच्या बातम्या संपल्यावरचा अर्धा तास, आठवड्यातून दोन दिवस, गेल्गेसाठी. घड्याळात कायमचा. याला तुमचा विरोध आहे का?

डब्लिनकर

विरोध नाही. पण टीजी ४ चा कार्यक्रम उचलून तिथे लावायचा नाही. तसं केलंत तर तिचा प्रेक्षक जाईल आणि दोन वर्षांनी कुणीतरी विचारेल की मग वेगळी वाहिनी कशाला. आरटीईने स्वतःच्या पैशाने, नवा कार्यक्रम करायचा. आणि जो तासभर ते आज टीजी ४ ला देतात, तो कमी करायचा नाही.

कॉरिबकाठी

हे मान्य. नावावर मी हललेले नाही.

डब्लिनकर

मीही नाही.