दुधाच्या बिलाला यूटीसी कशाला? पुण्यापुरत्या ॲपची वेळ कुठली ठेवावी

सहकारनगर_कोड (धागाकर्ता)

सिंहगड रोडवरच्या एका दूधवाल्या काकांसाठी आम्ही दोघांनी वेब ॲप करून दिलंय. पिशव्या टाकणारी मुलं पहाटे साडेचार ते साडेसहा फोनवर टिक करत जातात, महिना संपला की बिल निघतं. सगळीकडे शिकवतात तसं वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत ठेवली. झालं काय, तर १ एप्रिलला पहाटे पाचला टाकलेलं दूध डेटाबेसात ३१ मार्च, २३:३० असं बसलं. साडेपाचच्या आत ज्यांच्याकडे दूध गेलं त्यांची १ तारीख मार्चच्या बिलात, बाकीच्यांची एप्रिलच्या.

एका आजींनी त्या दिवशी पाहुणे येणार म्हणून दोन लिटर जास्त घेतलं होतं. मार्चचं बिल बघून त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि काकांच्या हातात दिलं. रोजच्या चौकटीत पेन्सिलीने आकडा. ३१ मार्चला एक, १ एप्रिलला तीन. काकांची मान खाली गेली, आणि ती आमच्यामुळे गेली.

आता माझं मत पक्कं आहे. भारतात एकच प्रमाणवेळ, यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, घड्याळं वर्षभर बदलत नाहीत. ज्याचं गिऱ्हाईक पुण्याबाहेर नाही त्याने सर्व्हर, डेटाबेस, ॲप तिन्ही 'एशिया/कोलकाता'वर, म्हणजे भारतीय वेळेवर लावावं.

रात्रपाळी

साफ असहमत. बिलाच्या क्वेरीत (डेटाबेसकडे माहिती मागायच्या आज्ञेत) तुम्ही यूटीसी वेळेची थेट तारीख काढली, चूक तिथे आहे. एप्रिलचं बिल हवं तर यूटीसीतल्या ३१ मार्च १८:३० पासून (आपली १ एप्रिलची मध्यरात्र) ३० एप्रिल १८:३० च्या आतलं मागा. कॉलमला डेट फंक्शनमध्ये गुंडाळायचं नाही, म्हणजे त्यावरचा साधा इंडेक्सही (ओळी पटकन शोधायची सूची) कामी येतो.

भारतीय वेळ ठेवल्याचं फळ मी भोगलंय. जुन्या कंपनीत सगळं तुम्ही म्हणता तसंच होतं. नवीन कंटेनरवर (ॲप ज्यात बंद करून चालवतात त्या डब्यावर) हलवलं, त्यात कोणी टाइमझोन लावला नाही, तो यूटीसीवरच चालला. तीन दिवसांनी कळलं. मायएसक्यूएल या डेटाबेसचा डेटटाइम कॉलम दिलेली वेळ तशीच ठेवतो, सोबत झोन लिहीत नाही. कुठली ओळ कुठल्या घड्याळाची, हे त्या कॉलमवरून सांगताच येईना. शेवटी दोन रात्री बसून लॉगवरून (सर्व्हरने आपोआप लिहिलेल्या नोंदींवरून) जुळवलं.

हिशोबनीस

मी धागाकर्त्याच्या बाजूने. छोट्या धंद्यात डेटाबेस फक्त प्रोग्रामर उघडत नाही. आमचे अकाउंटंट थेट टेबल एक्सेलमध्ये ओढतात. त्यांना दर वेळी साडेपाच तास मिळवायला सांगायचं का? आणि तो घोळ क्रॉनमध्येही (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या सोयीत) आहेच. सर्व्हर यूटीसीवर असेल तर 'मध्यरात्री' लावलेलं बिलाचं काम आपल्याकडे पहाटे साडेपाचला धावतं, म्हणजे दुधाची फेरी अर्धी झालेली असताना.

रात्रपाळी

अकाउंटंटना व्ह्यू (टेबलासारखी दिसणारी तयार क्वेरी) करून द्या, त्यात वेळ बदलून दाखवा. बदलताना झोनचं नाव न देता '+०५:३०' द्या. मायएसक्यूएलमध्ये झोनची टेबलं भरलेली नसतील तर नाव दिल्यावर नुसतं नल, म्हणजे रिकामं उत्तर येतं. क्रॉनचं मात्र मान्य, ते काम यूटीसीच्या १८:३० ला, म्हणजे आपल्या मध्यरात्री लावायला हवं.

पेठेतला_फ्रंटएंड

दोघंही सर्व्हरवरच भांडताय. सर्व्हर भारतीय वेळेवर आणलात तरी ब्राउझर तारीख खाणारच. तारीख निवडली १ एप्रिल, जावास्क्रिप्टने ती इथल्या मध्यरात्रीची धरली, आणि टूआयएसओस्ट्रिंग करून (म्हणजे ती यूटीसीत बदलून मजकूर करून) पहिली दहा अक्षरं उचलली, की हातात ३१ मार्च. ही ओळ मी किमान चार प्रोजेक्टमध्ये खोडलीय.

मला विचाराल तर दूध 'कधी टिक झालं' आणि 'कुठल्या तारखेचं' या दोन गोष्टी आहेत. पहिली क्षण आहे, ती यूटीसीत ठेवा. दुसरी कॅलेंडरवरची चौकट आहे. तिला वेळ नाही, झोन नाही. तिला वेगळा डेट कॉलम द्या, फोनवरून दहा अक्षरांची साधी तारीख पाठवा आणि कुठेही बदलू नका. आजींची पेन्सिल हेच करत होती.

सहकारनगर_कोड

हे पटलं. खरं तर आमच्याकडे आणखी एक भानगड होती, ती यात बसते. पार्किंगमध्ये रेंज नसते, टिक फोनमध्येच राहते आणि सात-साडेसातला वर चढते. सर्व्हरने लावलेली वेळ ही दूध टाकल्याची वेळ कधीच नव्हती.

पण लॉग आणि क्रॉनसाठी सर्व्हर मी भारतीय वेळेवरच ठेवणार. पहाटे पाचला काकांचा फोन येतो तेव्हा मला डोक्यात वजाबाकी करायची नाही. झोन कंटेनरच्या फाइलीतच लिहून ठेवतो, म्हणजे रात्रपाळींवर आली ती वेळ येणार नाही.

जुन्या ओळींचं काय करू? साडेपाच तास मिळवून तारीख काढली तर उशिरा चढलेल्या टिका चुकतील ना?

पेठेतला_फ्रंटएंड

त्याच सकाळी चढल्या असतील तर तारीख तीच राहते. दुपारनंतर चढलेल्या तेवढ्या वेगळ्या काढा आणि काकांबरोबर बसून तपासा.

सहकारनगर_कोड

काढल्या. एकोणीस आहेत. उद्या फेरी संपल्यावर काकांकडे जातोय, आजींचं दुरुस्त बिलही सोबत नेतो.