मदत हवी आहे: कोंबडीची गळ्याखालची पिशवी रिकामीच होत नाही

नमस्कार मंडळी. आमची चिंगी, दीड वर्षाची गावरान कोंबडी, परवापासून पिसं फुलवून खुराड्याच्या कोपऱ्यात बसून आहे. तुरा फिका पडलाय, अंडं बंद. काल संध्याकाळीच दाणे काढून घेतले होते, तरी आज पहाटे चाचपलं तर गळ्याखालची पिशवी लिंबाएवढी टम्म. खरं तर सकाळी ती रिकामी लागायला हवी. आत काड्यांसारखं कडक काहीतरी हाताला लागतं. गेल्या आठवड्यात पेंढ्याच्या ढिगात चोच मारत होती, तेच अडकलं असावं. तोंडाला आंबूस वास मात्र नाही.

मानमोडी (राणीखेत रोग) वाटत नाही. त्याची लासोटा लस दिलीय, मान वाकडी नाही, बाकीच्या पाच ठणठणीत आहेत. तरी तिला वेगळी डाललीय, नुसतं पाणी देतेय.

शेजारच्या काकू म्हणतात, उलटी धर आणि पिळून काढ. माझी हिंमत नाही, श्वासनलिकेत गेलं तर संपलंच. थोडं खोबरेल पाजून हलक्या हाताने चोळलं तर चालेल का? दिवसातून किती वेळा? गुरांचे डॉक्टर सोमवारी येणार. तोवर थांबू, की आजच तालुक्याला नेऊ?

आणि हो, 'कापून टाक' हा सल्ला घरातून मिळून झालाय.