‘प्रतिकारशक्ती कमी केली’ की ‘आवरली’?

पारोळ्याहून: मामांचं लिव्हर प्रत्यारोपण मुंबईला झालं, आता घरी आहेत. कागदांवर इम्युनोसप्रेशन, रिजेक्शन, टॉलरन्स असे शब्द. कुणीतरी मामीला सांगितलं, ‘त्यांची प्रतिकारशक्ती कमी झालीय.’ झालं! मामी गुळवेलीचा काढा करायला निघाल्या. घरात अहिराणी बोलतात, त्यामुळे ‘प्रतिकारदमन’ वगैरे चालणार नाही. साधे शब्द सुचवा.

जळगावहून (लॅबमध्ये काम करतो): आधी तो काढा थांबवा. गुळवेलीने लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि इथे प्रतिकारशक्ती चाळवायचीच नाहीये, नाहीतर ती नव्या लिव्हरवरच उलटेल. ‘कमी’ म्हटलं की घरातलं माणूस ‘वाढवायला’ धावणारच. ‘आवरली’ म्हणा. प्रतिकारशक्ती आवरणारी टॅक्रोलिमसची गोळी टी पेशींना, म्हणजे लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना, मारत नाही. शत्रू दिसला की या पेशी इंटरल्यूकिन-२ नावाचा निरोप सोडतात आणि मग भराभर वाढतात. गोळी तो निरोपच तयार होऊ देत नाही. पेशी जागेवर असतात, फक्त त्यांची फौज उभी राहत नाही. शिवाय स्टेरॉइड चालू असेल तर न्यूट्रोफिल वाढून एकूण पांढऱ्या पेशी जास्तही दिसतात. तो आकडा बघून ‘ताकद आली’ असं समजू नये.

धुळ्याहून: ‘आवरली’ आवडलं, पण ‘कमी’ अगदीच खोटं नाही हो. मायकोफेनोलेट ही दुसरी गोळी लिम्फोसाइटना (टी पेशी त्यांतल्याच) वाढूच देत नाही, त्याने पांढऱ्या पेशी खरोखर उतरू शकतात. रिपोर्टवर बोलताना ‘पेशी कमी’ म्हणावं, माणसाबद्दल बोलताना ‘आवरली’.

जळगावहून: मान्य.

अमळनेरहून: रिजेक्शनला सगळे ‘शरीराने लिव्हर नाकारलं’ म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटतं, संपलं. खरं तर टी पेशी नव्या लिव्हरच्या पित्तनलिकांवर आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर चाल करतात, आणि सुरुवातीच्या काळातलं रिजेक्शन बहुतेक वेळा स्टेरॉइडने किंवा गोळ्यांचा डोस वाढवून आटोक्यात येतं. म्हणून मी म्हणेन, ‘बिनसलंय’. बिनसलेलं जुळवता येतं.

टॉलरन्सला ‘सहिष्णुता’ नको, ते भाषणातलं झालं. आपल्याकडे पाणी मानवतं, हवा मानवते. तसं लिव्हर मानवलं.

धुळ्याहून: ‘मानवलं’ शब्द झकास, पण घाईने वापरू नका! मामा गोळ्या सोडून देतील. लिव्हर इतर अवयवांपेक्षा लवकर मानवतं हे खरंच. १९६९ मध्ये केंब्रिजच्या रॉय काल्न यांच्या गटाने दाखवलं, की डुकरांमध्ये दुसऱ्याचं लिव्हर औषधांशिवायही टिकू शकतं. दात्याच्या पांढऱ्या पेशी लिव्हरबरोबर येतात, पुढे भांडण थांबवणाऱ्या नियामक टी पेशींचाही हातभार लागतो. पण माणसांत गोळ्या पूर्ण सुटणारे थोडेच, तेही निवडून आणि डॉक्टरांच्या नजरेखाली. गोळीविना टिकलं तरच ‘मानवलं’. तोवर ‘आवरून ठेवलंय’.

चोपड्याहून: एक आगाऊ सूचना. ‘काळीज’ म्हणू नका, मामींना हृदय बदललं असं वाटेल. लिव्हर सगळ्यांना कळतं.

पारोळ्याहून: ‘आवरून ठेवलंय’ मामींना एका फटक्यात कळलं. काढा बंद. आता विचारतात, किती दिवस आवरायचं?

जळगावहून: बहुतेकांना जन्मभर, डोस मात्र हळूहळू उतरतो. आणि टॅक्रोलिमसची पातळी तपासायची असेल त्या दिवशी रक्त सकाळच्या गोळीच्या आधी द्या, गोळी सोबत घेऊन जा.